टाकीतली म्हैस

मालकानं मले बैलाच्या खुंट्याले बांधलं. पवळ्याच्या दाव्यानं. पोळ्याचा दुसरा दिवस होता. पवळ्याच्या शिंगाचा रंग अजून ओला. त्याच्या पुढ्यात पुरनपोळी अन् माह्या तोंडात शेण. मालकानं आपल्या हातानं कोंबलं. मालकाचा पोरगा मोबाइल धरून समोर उभा. मालकाच्या हाती तुतारी, बैलाले टोचाची, खिळा ठोकलेली काठी.

दोनच दिवसाआधी खांदेमळनीले मी त्या जोडीच्या खांद्याले तूप-हळद चोळली होती. हात जोडून बैलाले म्हटलं होतं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. माह्या खांद्यातून आता रगत गळून राह्यलं होतं.

काहून? एका झडतीपाई.

आमच्या इकडं पोळ्याले तोरनाखाली बैलं उभे राह्यते अन् मानसं झडत्या म्हनते, यमक जुळवलेल्या टोमन्याच्या ओळी. ज्याची टर उडवाची त्याची उडवा, सरपंच असो की मंत्री. त्या दिवशी कोनी राग धरत नाई. माहा बाप झडती म्हने, मंग मी म्हनाले लागलो. बैल मालकाचे, कासरा माह्या हाती, पन झडती माही सोताची. मालकच गावचे सरपंच. नळाले आठ-आठ दिवस पानी नाई. म्हून मी म्हटलं:

पानी आलं पायपात, पायप गेला कागदात,
गाव उभं उन्हात, घागर घेऊन हातात,
अन् सरपंचाची म्हैस पोहते गावाच्या टाकीत!

सारे हासले. मालक बी मिशीतल्या मिशीत हासले. आमची टाकी दोन मजल्याइतकी उंच. लोखंडी शिडी, तीबी हालते. मानूस चढतानी देवाचं नाव घेते, म्हैस चढन कशी? हे काय कोनाले सांगा लागते?

लागते, बाप्पा. कोन्यातरी दीडशहान्यानं व्हिडिओ काढला. मागचं पुढचं हासनं कापलं अन् वर लिहून देलं: सरपंचाच्या सालदारानंच केला भांडाफोड. सालदार म्हंजे वर्षाच्या बोलीवर राबनारा गडी. घरचा गडी सांगून राह्यला, म्हंजे खरंच असन. रात्रीतून तो व्हिडिओ मेडशीच्या पल्याड गेला. सकाळी बायांनी घागरी उपड्या केल्या. समोरच्या पार्टीच्या पुढाऱ्यानं चार पोट्टे टाकीवर चढवले, म्हशीचे केस शोधाले. एकाले सापडला बी एक काळा केस. त्याच्याच टाळक्याचा असन.

अन् दुपारी मी खुंट्याले.

मालकाचं म्हननं एकच. मोबाइलपुढं बोल, समोरच्या पार्टीवाल्यानं दारू पाजून माह्याकडून वदवलं. मी म्हटलं, मालक, झडती होती. त्यानं तुतारी खुपसली. पुन्हा तेच इचारलं, पुन्हा खुपसली. माही बायको सुमन धावत आली, तं तिचे केस धरून उकिरड्यावर फेकली. कानातली बाळी ओढल्या गेली, कानाची पाळी फाटली. तिचं वरडनं मले अजून झोपू देत नाई.

वीस वर्षं मी या मानसापुढं हो मालक, हो मालक केलं. त्या दिवशी मुंडी हाललीच नाई. तोंडातलं शेण थुकलं अन् बोललो.

"झडती हाय, माह्या बापापासूनची रीत. खोटी हाय म्हून माफी मांगनार नाई. अन् खरी हाय असं बी म्हननार नाई."

मंग लाथ बसली. बरगडीचा आवाज मी माह्या कानानं आयकला.

दवाखान्यात पुढारी आला. केळं, बिस्किटं, संगं कॅमेरावाला. मले वाटलं, आला कोनीतरी. मी सारं सांगलं. खुंटा, दावं, शेण, सुमनचा कान. त्यानं मधातच हात वर केला.

"माराचं राहू दे गड्या. म्हशीचं बोल."

म्हैस नव्हती, मी म्हटलं. तो उठला. केळं ठेवून गेला, तेवढंच पुन्य.

तोवर मालकाच्या पोरानं माराचा व्हिडिओ सोडला होता, गावाले धाक बसावा म्हून. धाक कोनाले बसते? झडतीवाला तोच, सरपंच तोच, बैल तोच. लोकायले वाटलं, पुढचा भाग आला. खाली लिहिलेलं सुमनच्या भाच्यानं वाचून दाखवलं. अॅक्टिंग एक नंबर. रगत ओरिजनल वाटते. बाईचं रडनं जरा जास्त झालं.

ठान्यात गेलो. हवालदारानं तो व्हिडिओ पाह्यला अन् कलम कानावर खोचला. म्हने, हे बी झडतीच काय रे? मी शर्ट काढला. पाठीवरचे भोकं दाखवले. तो म्हने, मेकप लय झ्याक जमला.

जे खोटं मी रचलं होतं, ते साऱ्यायनं खरं मानलं. माह्या आंगावर जे झालं, त्याले सारे नाटक म्हने. म्हशीवर इस्वास बसला, मानसावर नाई. संताप येते. सुमनचा कान पाह्यला का अजून मुठी आवयते माह्या.

काम सोडलं. शेलूबाजारात हमाली करतो. आता औंदाचा पोळा आठ दिवसांवर आला, अन् काल मालकाचा निरोप आला. निवडनूक हाय म्हने. ये, तीच म्हशीची झडती म्हन, मी पोटभर हासतो, दोघं फोटो काढू. सरपंचाचं मन किती मोठं ते लोकायले दिसन. संगं नवं धोतर पाठवलं. सुमननं त्याच्या चिंध्या केल्या, चुलीत घातल्या.

मी जाईन. तोरनाखाली उभा राहीन, हाती कासरा नसन. सुमन बाजूले राहीन, पदर कानामागं घेऊन. शर्ट काढीन. यमक जुळवनार नाई. मालकाचं नाव घीन, पोराचं घीन, दिवस-वार सांगीन, खुंट्याकडं बोट करीन.

लोक हासतीन, मले ठावं हाय. हासू दे. त्यायचं हासनं सरेपर्यंत मी तसाच उभा राहीन.

मंग पुन्हा पयल्यापासून सांगीन.