खंडेनवमीचा लॅपटॉप

माझा लॅपटॉप दिसायला सुंदर वगैरे नाही. काळा, जाडजूड, तोंडावर कायम ऑफिसातल्या हेडक्लार्कचा भाव. कंपनीतल्या मुली पातळ, चंदेरी लॅपटॉप मिरवतात; मिरवू देत. माझ्या लॅपटॉपचे मागचे स्क्रू काढले की बॅटरी हातात येते, घरच्या घरी बदलता येते. एकदा की-बोर्डवर अर्धा कप चहा सांडला, तोही त्याने पचवला. नगरच्या एका दुकानातून मी तो वापरलेला, पण नीट तपासून आणला. अशा वस्तूवर जीव जडतो. माझा जडलाय, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

तो घेतला जामखेडला आल्यावर. त्याआधी मी पुण्यात होते. आई गेली, पाठोपाठ अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर राहू म्हणून आले ती राहूनच गेले. अण्णा भिक्षुकी करतात. अजूनही यजमानाच्या मोटारसायकलवर मागे बसून वास्तुशांतीला नाहीतर सत्यनारायणाला जातात. मी शेतीपंपांच्या कंपनीसाठी माहितीपुस्तकं लिहिते. ते काम कुठूनही होतं, निदान मला तसं वाटत होतं.

माझ्या टेबलावर वीतभर लांबीची एक डबी असते, तिला डॉक म्हणतात. मोठा स्क्रीन, माऊस, नेटची वायर असं सगळं तिच्यात कायमचं खोचलेलं असतं. लॅपटॉपला फक्त तिची एक वायर लावायची, की सगळा संसार जागा होतो. अण्णांनी तिचं नाव चौरंग ठेवलंय. सकाळी माझ्या खोलीवरून जाताना विचारतात, “बसले का महाराज चौरंगावर?”

चार्जिंगही त्याच वायरीतून होतं आणि ती दिवसभर लावलेली असते, म्हणून मी चार्जिंगला ऐंशी टक्क्यांची मर्यादा घालून ठेवली आहे. सतत शंभरावर राहिली तर बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात फुगतेसुद्धा. अण्णांना हे मुळीच पटत नसे. “पाहुण्याला रोज अर्धपोटी उठवतेस,” म्हणायचे. मी लॅपटॉप गादीवर ठेवू देत नाही, खालून हवा खेळती ठेवते, दुपारी टेबल थंड बाजूला सरकवते. त्यावर अण्णांचं ठरलेलं वाक्य, “त्याच्या जागी जन्माला यायला हवं होतं मी.”

एक गोष्ट मात्र मला टोचायची. मुहूर्त विचारायला आलेला एखादा यजमान ओसरीवरून डोकावून म्हणायचा, “काका, ताई अजून हितंच हाय व्हय?” आणि अण्णा पंचांगातून मान वर न करता सांगायचे, “जाईल की आता. तिचं इथं काय आहे?” मी आत दात-ओठ खात टाईप करत बसायची. एवढी का जड झाले मी ह्यांना?

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी कंपनीने फर्मान काढलं, दिवाळीनंतर सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात यायचं. मी फोनवर पुष्कळ भांडले. शेवटी नोएडाचे साहेब म्हणाले, नव्या पंपाचं पुस्तक घरून व्हिडिओ कॉलवर मला सगळं दाखवा, मधे अडथळा आला नाही तर तुमचं बघू. त्यांनी दिलेला दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. नोएडाला त्याचं काय! अण्णांना मी काहीच बोलले नाही. ते “बरं झालं, जा” म्हणाले असते, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

त्या सकाळी अंघोळ करून आले तर टेबल रिकामं. डॉकची वायर नुसती लोंबत होती. देवघरात जाऊन बघते तर खऱ्याखुऱ्या चौरंगावर विळी, अडकित्ता, कोयता, आणि मधोमध माझा लॅपटॉप. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की ती त्या दिवशी वापरत नाहीत, जागची हलवतही नाहीत. आमच्याकडे भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवतात. एरवी अण्णा डॉकला कुंकवाचं बोट लावून भागवायचे. यंदा कुठून सुचलं?

“अण्णा, मला आत्ता लागणार आहे तो.”

“आता उद्या. मांडलेलं हलवत नाहीत.”

“अहो, आज नाही उघडला तर पुण्याला जावं लागेल मला! कायमचं!” मी चक्क ओरडले, आणि ओरडता ओरडता रडायलाच लागले. इतकं रडू आत होतं हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

अण्णांनी वाकून ते फूल उचललं, अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि स्वतःच्या हाताने झाकण उघडलं.

“उघडलाय. पण जागचा हलवू नकोस.”

वीज पहाटेच गेली होती. इन्व्हर्टरची लाईन फक्त माझ्या खोलीत, तीही नेटच्या वाय-फायला पुरवायची. म्हणजे देवघरात आधार एकट्या बॅटरीचा. मी पाटावर मांडी घालून बसले. डावीकडे विळी, उजवीकडे कोयता, समोर नोएडा. मागे उंबऱ्यावर अण्णा बसले होते, तेही कॅमेऱ्यात दिसत होते. मी पंपाचं पान अन् पान दाखवलं, साहेब शंका काढत गेले, आणि माझा जुना गडी न कुरकुरता चालत राहिला. शेवटी साहेबांनी विचारलं, तुमच्याकडे वीज तरी नीट असते का? मी म्हटलं, पहाटेपासून नाहीये. ते हसले. म्हणाले, मग राहा तिथेच.

मी झाकण मिटलं. अण्णांनी फूल होतं तसं ठेवलं. आता मला राग काढायला फुरसत मिळाली.

“मला न विचारता पूजेत कशाला मांडलात? आणखी थोडं ताणलं असतंत तर गेलेच असते मी.”

“तू फोनवर केवढ्यांदा बोलतेस,” अण्णा म्हणाले. “दिवस आजचाच हे कळलं नव्हतं, पण पुण्याला बोलावतायत ते ऐकलंय मी. म्हणून तर मांडला.”

“म्हणजे?”

ते समईची वात सारखी करत राहिले. माझ्याकडे बघत नव्हते.

“संकल्प सोडला सकाळी. हिला इथंच राहू दे म्हटलं. जन्मभर लोकांच्या घरी लोकांसाठी मागत आलो गं. स्वतःसाठी मागायची सवय नाही, बोलताना दोनदा अडखळलो.”