तोफेच्या पुस्तकातला बोकड

धुलाईखान्यात तिला सगळे ‘तोफ’ म्हणत. तोंडावरसुद्धा. आणि तिला ते आवडायचं. दवाखान्यांच्या नि हॉटेलांच्या चादरी धुणारी ती कंपनी. आत शिरलं की वाफेने श्वास जड व्हायचा आणि मशिनांच्या धडधडीत शेजारणीचं बोलणं ऐकू येत नसे. तोफेचा आवाज मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. ती इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर उभी असायची. ओली चादर दोघींनी कोपरे धरून ताणायची, रोलरच्या तोंडी द्यायची. पलीकडच्या दोघींनी गरम, कडक चादर झेलून घडी घालायची. हात चुकला की फोड. बायकांनी तिला पुढारी केली ती काही मतं मोजून नाही. साहेबासमोर कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं, आणि तिचं कधी मिटलेलंच नव्हतं.

तिच्या पिशवीत डब्याशेजारी काळ्या कव्हरचं जाडजूड पुस्तक असे. कामगार कायद्याचं. साहेबाशी बोलणं लागलं की ती ते टेबलावर आदळायची, “कायदा काय म्हणतो, बघा!” निम्मी भांडणं त्या आवाजानेच मिटायची. जेवणाच्या सुट्टीतही ती चादरींच्या गठ्ठ्याला टेकून काळं पुस्तक उघडायची, आणि बायका एकमेकींना गप्प करायच्या, “वाचतेय गं ती. आपल्यासाठीच वाचतेय.”

कसलं आपल्यासाठी! सुट्टीत जे काळं कव्हर उघडायचं, त्याच्या आत कायदा नव्हताच. तिथे सावल्या चोरणारा राजा होता, त्या परत आणायला निघालेली मिठागरातली पोरगी होती, आणि तिच्या मागे कुरकुरत चालणारा दाढीवाला बोलका बोकड होता.

तोफ शाळेत फार गेली नव्हती. अक्षरं जुळवायला शिकली ती मुलीच्या मांडीला मांडी लावून, तिच्याच गोष्टींच्या पुस्तकांवर. मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, ती पुस्तकं मागे पडली. आई मात्र उडत्या होड्या नि भिंतीतली दारं यांतून बाहेर यायचं नाव घेईना. कुणी म्हणेल, हातचं गेलेलं बालपण भरून काढतेय. काही नाही. तिला ती पुस्तकं आवडायची, बस. चोरीला गेलेलं परत आणायला एक पोरगी निघते आणि वाटेतून माघारी फिरत नाही, याहून चांगली गोष्ट तिला मोठ्यांच्या पुस्तकांत सापडली नव्हती. “मोठ्यांच्या पुस्तकात,” ती मुलीला म्हणायची, “माणसं खिडकीत बसून उसासे टाकतात. उठा की, काहीतरी करा!”

पण वाचनालयातल्या बाईंनी “मुलीसाठी का?” असं विचारलं की ती “हो” म्हणायची. मुलगी लग्नाला आली तरी उत्तर तेच. आणि बाहेर पडल्या पडल्या पुस्तकाला काळं कव्हर. साहेबाला ती भीत नव्हती. बायका हसतील, याला भीत होती. पुढारी एकदा हसण्यावारी गेली की तिच्या मागे कोण उभं राहतं?

मग नवा साहेब आला आणि जेवणाची सुट्टी अर्धी करायचं त्याच्या मनात आलं. तोफ तडक केबिनमध्ये शिरली. सोबत घडीवाली मावशी आणि चादरींचे डाग काढणारी डागवाली. नेहमीसारखा पिशवीत हात घातला, काळं पुस्तक काढलं आणि टेबलावर आदळलं. पेन उडालं.

“कायदा काय म्हणतो, बघा!”

हा साहेब वेगळा निघाला. त्याने खरंच बघितलं. पान उघडलं, भुवया वर गेल्या. “वाचतो हं. ‘बोकड म्हणाला, मला होडी लागते. मी चालत येतो, समुद्र आटला की कळवा.’ हे कितवं कलम?”

पिशवीत दोन पुस्तकं, दोन्ही काळी. हात नेमका भलत्यावर पडला होता. डागवालीला हसू फुटलं, तिने तोंडावर हात दाबला. साहेबाने पुस्तक मिटून परत सरकवलं. “सोमवारपासून सुट्टी अर्धी. आणि बाई, मोठ्या व्हा आता.”

तोफ पुस्तक उचलून न भांडताच बाहेर पडली. असं आधी कधी झालंच नव्हतं.

घरी मुलगी म्हणाली, “आई, पण दोन्हींना एकसारखं कव्हर घालायचंच कशाला?”

“लाज वाटायची म्हणून.”

बोलून गेली आणि स्वतःचेच शब्द ऐकून पेटली. “म्हणजे बघ! जन्मात कुणापुढे मान खाली घातली नाही, आणि एका बोकडाला काळ्या कागदात कोंडून ठेवला!” टराटरा कव्हर फाडलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत तिने पुस्तक उघडं काढलं. पिवळंधमक, वर शिंगं उगारलेला बोकड. सगळ्यांचे घास थांबले. तिने मान ताठ ठेवली आणि हसण्याची वाट बघितली. हसा, काय हसायचं ते हसा.

मावशी डबा घेऊन जवळ सरकली. “ए तोफे, मग तो बसला का होडीत?”

“कोण?”

“बोकड गं! साहेबाने मध्येच मिटलं ना. कालपासून डोक्यातून जाईना.”

तोफेने तिच्याकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती. मग तिने घसा साफ केला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. आधी रोलरवरच्या बाकीच्या तिघी बसल्या, मग वाळवणीवरच्या आल्या, मग चादरी नेणारा गाडीवाला दारात टेकला.

“हा राजा म्हणजे आपला साहेबच,” डागवाली म्हणाली. कालचं हसू तिला फेडायचं होतं.

“अजिबात नाही!” तोफ खवळली. “साहेबाला एवढी अक्कल असती तर! राजाला राजा राहू दे. गोष्ट बिघडवू नकोस.”

सोमवारी बोकड तुटक्या पुलावरून खाली लोंबकळत होता, पोरीच्या मुठीत त्याचं एकच शिंग होतं, आणि घंटा वाजली. अर्ध्या सुट्टीची. तोफ थांबली. तिने वर पाहिलं. ‘बसा’ म्हणाली नाही. ते जिचं तिने ठरवायचं होतं.

कुणी उठलं नाही.

“थांबलीस काय?” मावशी ओरडली. “शिंग निसटेल ना!”

तोफ वाचत सुटली. साहेब धावत आला. “घंटा ऐकू आली नाही?”

“आली,” मावशी म्हणाली. “पण बोकड लटकलाय.”

“कोण लटकलाय?”

“बोकड, साहेब. तुम्हीच सुरू केलंत ना वाचायला!”

सगळं खातं हसलं. आता हसू कुणावर होतं, ते साहेबालाही कळलं. “एकेकीला काढून टाकीन!”

तोफेने पानात बोट घातलं आणि उभी राहिली. “एकेकीला नाही, सगळ्यांना एकदम काढा. मग दवाखान्यांच्या चादरी तुम्हीच रोलरवर घाला, पण कोपरे ताणून धरा, भाजतं. आमची सुट्टी जुन्या वेळेला संपते. तेव्हा उठू. आधी नाही, आणि नंतरही नाही.”

आणि जुनी वेळ झाली तेव्हा बोकड अजून वर आला नव्हता. उरली होती अर्ध्या पानाची गोष्ट. तरी तिने पुस्तक मिटलं. बायका कळवळल्या, “एवढं संपव की गं!”

“कामाची वेळ झाली. चला.”

रोलर वेळेवर फिरला, घड्या वेळेवर पडल्या. साहेबाला बोलायला जागाच उरली नाही. आठवडाभर हेच: घंटा वाजायची, कुणी हलायचं नाही, आणि खऱ्या वेळेला सगळ्या आपणहून उठायच्या. मग एके दिवशी अर्ध्यावरची घंटा वाजलीच नाही. ना सूचना, ना माफी. वाजली ती जुन्या वेळेला. तोफेने नुसती भुवई उडवली आणि पान उलटलं.

पुस्तक संपलं तशी ती वाचनालयात गेली. बाईंनी दुसरा भाग शोधून काढला आणि विचारलं, “मुलीसाठी का?”

“नाही. माझ्यासाठी,” तोफ म्हणाली. “आणि तिसराही आला की बाजूला काढून ठेवा. बोकडाला सावली मिळते की नाही, यावरून आमच्याकडे भांडणं लागलीत.”

वाचत बसलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या. समोर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. तोफेने ती वाचलेली होती. वाचायला तिला चांगलं येत होतं.