डोक्यावरचा लाल दिवा

आमच्या शेडमध्ये प्रत्येक मशीनच्या डोक्यावर दिवा बसवलाय. मशीन चालू असलं की हिरवा, थांबलं की लाल. साहेब म्हणाले, मशीनचा वेळ वाया जायला नको. मला पटलं. मला काय, इस्त्रीचा शर्ट घालून कुणी काहीही सांगितलं की पटतं.

पण मशीन बिघडतं कधीतरी, आणि मी चहाबाज माणूस, सारखा लघवीला पळतो. मी पळालो की मागं लाल दिवा लागतो अन् पोरं ओरडतात, "गेला बघा, गेला!" मीही हसतो. माझी अब्रू तशी भंगारातच निघालेली.

शेजारच्या मशीनवर दत्तूमामा असतात. त्यांना साखरेचा आजार. आज जेवताना ते कोरडी भाकरी गिळत होते, पाण्याला हातच लावला नाही.

"मामा, घोटभर घ्या की."

"नको रे. ज्याचा लाल फार लागतो त्याला काढणार म्हणतात."

टाळकंच सणकलं माझं. अरे, मशीनला वेळेवर तेल पाजता, आणि माणसानं पाणी प्यायलाही भ्यायचं?

पण साहेबापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटते. मला येतो तो एक फाजीलपणा. दुपारी मामांचं तोंड फारच उतरलेलं दिसलं, म्हणून साहेबाची नक्कल करायला मान ताठ केली. तर मामांनी पोट आवळून हात जोडले.

"हसवू नकोस रे बाबा. सुट्टीपर्यंत दाबून धरायचंय."