चेंडू लागला म्हण

मिरजेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ही खेळातली दुखापत नाही. तुमच्या गुडघ्याला टीबी झालाय."

टीबी छातीत होतो एवढंच मला माहीत होतं. डॉक्टरांनी समजावलं की तो हाडाला होतो, मणक्याला होतो, सांध्यालाही होतो. "औषधानं बरा होतो, पण तुम्ही यायला उशीर केलात," असंही ते म्हणाले. आई शेजारी बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आधी दाराकडे बघितलं. बाहेर कुणी ऐकलं तर नाही ना, याची तिला जास्त काळजी होती.

हे नव्वदच्या दशकातलं. मी तेव्हा मुंबईतल्या एका सरकारी खात्याच्या महिला फुटबॉल संघात लेफ्ट हाफला खेळत होते. खेळण्याचा पगार मिळतो हे आमच्या आटपाडीकडच्या गावात कुणाला खरं वाटत नसे. आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. सांगलीला वसतिगृहात राहून शिकत होते, तिथल्या क्रीडाशिक्षकांनी मुलींचा संघ काढला आणि मला घेतलं. पळायचं कसं हे मला शिकवावं लागलं नाही. पुढे जिल्हा झाला, राज्य झालं आणि मग हे खातं. नोकरी कंत्राटी होती. पुढचा हंगाम नीट गेला असता तर कायम झाले असते.

गुडघा सुजला तो हंगामाच्या सुरुवातीला. खेळाडूचा गुडघा सुजला की त्याला कुणी आजार म्हणत नाही. संघातल्या मुलींनी बर्फ लावला, प्रशिक्षकांनी क्रेप बँडेज दिलं, गावी आले की आई हळद आणि तुरटीचा लेप घालायची. कुणी कधी पाय घातला होता, कुठल्या सामन्यात पडले होते, हे आठवायचा सगळ्यांनी प्रयत्न केला. रोज पडणाऱ्या माणसाला एखादं पडणं सापडतंच. आम्हीही एक ठरवून टाकलं. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, भूक मेली होती, मांडी बारीक होत चालली होती. ते मी दमणुकीच्या खात्यात टाकत गेले.

मिरजेत पहिल्यांदा गुडघ्यातलं पाणी सुईनं काढलं. मग ईएसआर ही रक्ताची तपासणी झाली. शरीरात कुठंतरी सूज धुमसते आहे का, हे तीवरून कळतं. शेवटी बायॉप्सी, म्हणजे सांध्याच्या आतल्या अस्तराचा लहानसा तुकडा काढून तपासणं. रिपोर्ट यायला वेळ लागला. त्या काळात मी बाहेरच्या बाकावर बसून कर्नाटकातून आलेल्या बायकांचं कन्नड ऐकत असे. एकही शब्द कळत नसे. त्यामुळे बरं वाटायचं.

पाय ट्रॅक्शनमध्ये ठेवला, म्हणजे वजन लावून हळूहळू ताणत ठेवला. चार प्रकारच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यातल्या रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते. हे मला आधी सांगितलं होतं म्हणून मी घाबरले नाही. तुम्हालाही सांगून ठेवते. दुसऱ्या एका गोळीनं डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून दर खेपेला डॉक्टर लाल आणि हिरवा रंग ओळखायला लावत. माझ्या छातीचा फोटो साफ होता. "तुमच्यापासून कुणाला लागण होणार नाही. पण घरातल्या सगळ्यांना एकदा तपासून घ्या," असं त्यांनी आईला बजावलं.

आईनं मान डोलावली. मला घरी सुनी म्हणतात. एसटीत बसल्यावर ती म्हणाली, "सुने, घरी कुणी इचारलं तर चेंडू लागला म्हण."

चेंडूपायी पोरीचं लगीन व्हायचं नाही, असं ती इतकी वर्षं सांगत आली होती.

"टीबी म्हटलं की कुणी दारात उभं ऱ्हायाचं न्हाई," ती म्हणाली. "चेंडू लागल्यानं कुणाचं लगीन मोडत न्हाई."

मी हो म्हणाले. मलाही तेच सोयीचं होतं. टीबी हा शब्द मला माझ्या तोंडात नको होता.

चेंडूची बातमी दोन दिवसांत गावभर झाली. जो तो येऊन गुडघा बघून जाई आणि बघितलं की हळहळे. पाय वाकत नव्हता, कुबड्या होत्या, दाखवायला पुरावा भरपूर. आई चहा करून सगळ्यांना तेच सांगे. सांगता सांगता तिनं तो चेंडू दगडाएवढा जड करून टाकला.

त्याचा परिणाम मला आठवड्याभरात दिसला. सुट्टीत गावी आले की मी शाळेच्या मैदानावर मुलींना खेळवायचे. त्यातल्या दोघीचौघी बऱ्या तयार झाल्या होत्या आणि माझी चुलतबहीण कमळी तर माझ्याहून सरस होती. विभागाच्या संघासाठी साताऱ्याला होणाऱ्या चाचणीला तिची निवड झाली होती. एकेका आईनं आपापली मुलगी घरी बसवली. मैदानावर पुन्हा फक्त पोरांचं क्रिकेट सुरू झालं. मग एके सकाळी कमळी आली आणि माझ्या खाटेपाशी बसली. म्हणाली, "तात्या न्हाई म्हणत्यात."

तात्या म्हणजे तिचे वडील, माझे चुलते. त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. एका पोरीचा पाय गेलेला त्यांच्या डोळ्यांसमोर होता. दुसरीचा कोण घालवील? मी कमळीकडे बघत होते आणि मला स्वतःची लाज वाटत होती. मी खेळणार की नाही हे माझ्या हातात राहिलं नव्हतं. ती खेळणार की नाही हे मात्र माझ्या एका वाक्यावर होतं, आणि त्या वाक्याची मला भीती वाटत होती.

त्या दिवशी तात्यांच्या अंगणात मेंढरांची कातरणी चालली होती. भावकीतले सगळे पुरुष जमले होते. मी कुबड्या घेऊन गेले आणि एका दमात सांगितलं, "तात्या, मला चेंडू लागला न्हाई. गुडघ्याला टीबी झालाय. मी खेळत नसते तरी झाला असता."

तात्यांनी हातातलं मेंढरू पुरतं कातरून सोडलं, मग विचारलं, "खेळण्यानं न्हाई?"

"न्हाई."

"डाक्टरनं सांगितलंय?"

"व्हय."

"मग कमळी जाईल साताऱ्याला." ते दुसऱ्या मेंढराकडे वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "पण सुने, तू आमच्या सोप्यात येत जाऊ नगंस."

सोपा म्हणजे घराची पुढची बसायची जागा. माझ्यापासून लागण होत नाही, असं डॉक्टर म्हणालेत, हे मी सांगून बघितलं. तात्या म्हणाले, "डाक्टर तिकडं मिरजंला हाय. मला हितं ऱ्हायाचंय."

आईला ते दुपारच्या आतच कळलं. विट्याकडचं एक स्थळ चालून आलेलं होतं, त्यांचा पुन्हा निरोप आला नाही. "कमळीचं भलं केलंस," आई म्हणाली, "माझ्या पोरीचं कुणी बघायचं?" त्यानंतर ती माझ्या ताटात भाकरी वाढायची, गोळ्या हातात द्यायची, पण बोलायची नाही. मी न्हाणीघरात जाऊन रडत असे. आबा, म्हणजे माझे वडील, पाटणकडे मेंढरं घेऊन गेले होते. ते परत आले, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "आता बोललीयास न्हवं? मग गोळ्या चुकवू नगं."

मी गोळ्या चुकवल्या नाहीत. तीनचार महिन्यांतच बरं वाटायला लागतं आणि बहुतेक लोक तिथंच औषध सोडतात, तेवढं करू नका. माझं औषध वर्षाच्या वर चाललं. फिजिओथेरपीत गुडघा रोज थोडा थोडा वाकवून घेत. दुखायचं फार. गुडघा काटकोनापर्यंत आला आणि थांबला. शेवटच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "चालाल, जिने चढाल, सायकल चालवाल. फुटबॉल नाही." मी ठीक आहे म्हणाले. संघाचं कंत्राट त्याआधीच संपलं होतं. बाहेर येऊन उसाचा रस प्यायले. त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. वाटायचं ते नंतर हप्त्याहप्त्यानं वाटत राहिलं.

कमळी विभागाकडून खेळली. पुढे तीनचार आयांनी आपल्या मुली पुन्हा मैदानावर सोडल्या आणि मी खुर्ची टाकून त्यांना शिकवू लागले. तात्यांच्या सोप्यात मला बोलावणं आलं नाही, मीही गेले नाही.

त्या सुमारास एकदा आईबरोबर आटपाडीच्या बाजारात गेले होते. ओळखीची एक बाई थांबली, माझ्या चालीकडे बघून आईला म्हणाली, "चेंडू लागल्याला पाय अजून सुधरंना व्हय?"

मी आईकडे बघितलं नाही. मेथीच्या जुड्या निवडत राहिले.

"चेंडू न्हाई," आई म्हणाली. "टीबी झालता. बरी झाली पोरगी."

आता ही बाई मागे सरकणार, असं मला वाटलं. ती उलट जवळ आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "आवं, सून दोन म्हैनं झालं खोकतीया. कुणाला सांगितलं न्हाई आमी."

आईनं पिशवी खाली ठेवली आणि मिरजेत कुठं उतरायचं, कुठल्या खिडकीवर केसपेपर काढायचा, हे तिला सावकाश सांगायला लागली.