आईच्या ट्रंकेतलं नवं कापड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला मध्येच अडवणार नाही. अडवलं असतं तर मी गप्प बसले असते. गप्प बसण्याची सवय मला फार जुनी आहे.

गोष्ट कपड्यांची आहे. हसू आलं ना? येऊ द्या. मलाही कितीतरी वर्षं असंच वाटायचं, की कपड्यांवरून बोललेलं खोटं म्हणजे काय मोठंसं खोटं! कुणी वय चोरतं, कुणी साडीची किंमत चोरतं. मी तर उलट करत होते. मी नवीन कपडे जुने म्हणून घालत होते. असा गुन्हा करणारी दुसरी बाई अख्ख्या कोल्हापुरात सापडायची नाही.

नव्वद सालानंतर एक-दोन वर्षांत लग्न होऊन मी मिरजेहून राजारामपुरीत आले. खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही. घरात सासूबाईंचा शब्द चाले. त्यांना आम्ही आत्ती म्हणायचो. आत्ती वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. पण काटकसरीचं त्यांना जवळजवळ व्यसन होतं. नवं कापड दिवाळीला, एकदाच, आणि तेही साडी. पंजाबी ड्रेस सुनेनं घालायचा नाही. लेकी घालतील, कॉलेजच्या पोरी घालतील, सून नाही. मी तर मिरजेला कॉलेजात तीन वर्षं ड्रेसच घालत होते. रोज साडीच्या निऱ्या आवरत तो जिना चढता-उतरता माझा जीव मेटाकुटीला यायचा.

मग मी एक शक्कल लढवली — आणि ही पहिली शक्कल खरी होती, बरं का. आईची एक विरलेली वॉयलची साडी माझ्याकडे होती. काठ काढले, मधलं कापड घेतलं, घरच्या मशीनवर कमीज शिवली, उरलेल्यातून ओढणी. घातली आणि छातीवर हात ठेवून आत्तींसमोर उभी राहिले. त्यांनी आधी कापड चिमटीत धरून पाहिलं. म्हणाल्या, "जुनंच हाय न्हवं?" मी म्हटलं, हो, आईची साडी होती. "मग घाल की. बोहारणीला देण्यापरीस बरं."

एवढंच. ड्रेस चालत नव्हता, पण जुन्या साडीचा ड्रेस चालत होता. काटकसर त्यांच्या रीतीपेक्षा वरचढ निघाली. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

आईच्या आणखी दोन साड्या मी अशाच कापून शिवल्या. एकीचा पदर पुढच्या भागाला, एकीचे काठ बाह्यांना. गल्लीतल्या बायका थांबवून विचारायच्या. जरीचा काठ दुसऱ्या साडीला कसा लावायचा, फिकट पडलेली ओढणी रंगवून कशी आणायची, ब्लाऊजला नव्या बाह्या कशा जोडायच्या — मी सांगायची, आणि ते सगळं मला खरंच येत होतं. इथपर्यंत माझ्या खात्यावर पाप नाही.

पण आईच्या साड्या संपल्या. तिच्याकडे होत्याच किती? उरलेल्या ती नेसत होती. आणि मला तर आता ड्रेसची आणि कौतुकाची, दोन्हींची चटक लागलेली. कोणती जास्त? खरं सांगू? कौतुकाची.

मग मी माहेरी गेले की मिरजेच्या बाजारातून नवं कापड घ्यायला लागले. ते तीन-चारदा मिठाच्या पाण्यातून काढायची, गच्चीवर भर उन्हात टाकायची. आई विचारायची, हे काय? मी म्हणायची, कापड आटतं गं, शिवण्याआधी धुतलेलं बरं. मग घड्या घालून डांबराच्या गोळ्यांबरोबर तिच्या ट्रंकेत दाबून ठेवायची. पुढच्या खेपेला काढलं की त्याला अगदी वर्षानुवर्षं पडून राहिल्याचा वास! कोल्हापूरला आणायचं आणि म्हणायचं, आईची जुनी साडी. एकदा आत्ती म्हणाल्या, "तुझ्या आईची ट्रंक हाय का धान्याचं पेव? सरंना झालीया." सगळे हसले. मीही हसले.

आता सुनंदाकडे येते. यायलाच हवं. मघापासून कपड्यांच्या घड्या घालत तुम्हाला गुंगवून ठेवतेय, ते तिच्यापाशी यायला नको म्हणूनच.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. कुरुंदवाडची. घरात निम्मं कानडी बोलणारी माणसं, म्हणून आईला अव्वा म्हणायची आणि मला अक्का. मोठ्यानं हसायची, मोठ्यानं बोलायची, आणि तिला नव्या कपड्याची हौस होती, तीही उघड सांगायची. महाद्वार रोडवरून येताना एखादी साडी आवडली तर घरी येऊन चार वेळा बोलून दाखवायची. आत्ती लगेच म्हणायच्या, "थोरलीकडं बघ जरा. चार वर्सं झाली, नवं कापड म्हणून मागत न्हाय. न्हायतर तू!" सुनंदा खाली मान घालायची. कधी रात्रीच्या भाकऱ्या करताना डोळे पुसायची. म्हणायची, चुलीचा धूर. गॅसला कसला आलाय धूर?

आणि मी? तिथेच असायची. अंगात ट्रंकेचा वास दिलेलं नवं कोरं कापड. एका वाक्यात तिची सुटका करता आली असती. पण मला बरं वाटायचं हो. तिला बोलणी बसली की मला बरं वाटायचं. हे वाक्य लिहून दोनदा खोडलं, पण हे असंच होतं, याला दुसरा शब्द नाही.

एका जानेवारीत गल्लीतल्या महिला मंडळानं हळदीकुंकवाला माझं बोलणं ठेवलं. विषय — घरात आहे त्यातूनच नवं. मी हिरवा ड्रेस घालून गेले. पुढे तांबडा भाग, त्यावर पांढरी कंगव्यासारखी नक्षी, जुन्या इरकलीच्या पदराला असते तशी. सांगितलं, आईची इरकल कापून शिवला. खरं तर ते बाजारात ड्रेससाठी म्हणूनच आलेलं कापड होतं. आयुष्यात मी इरकलीला कात्री लावली नव्हती. टाळ्या पडल्या. सुनंदा पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात वाजवत होती.

त्याच वर्षी तिच्या भावाचं लग्न ठरलं. आदल्या वर्षीच तिची अव्वा गेली होती. तिची एकच साडी सुनंदाकडे होती — गडद हिरवी इरकल, तांबड्या पदराची. नेसायची नाही. कधीमधी कपाटातून काढायची, हात फिरवायची, परत ठेवायची. लग्नासाठी तिनं आत्तींकडे नवीन काहीतरी मागितलं. उत्तर काय मिळालं असेल ते तुम्हाला कळलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अव्वाची साडी छातीशी धरून माझ्या खोलीत आली. डोळे चमकत होते. "अक्का, तुमी तुमच्या आईची कापलासा की. तशीच माझ्या अव्वाची कापूया. लग्नात अव्वा माझ्या अंगावर असंल." आणि थांबून, "जमंल न्हवं? खराब न्हाय न्हवं व्हायची?"

जमंल न्हवं. मला एवढंच म्हणायचं होतं — सुनंदा, मी इरकल कधी कापलेली नाही. किंवा निदान, राहू दे गं, साडीच नेस. पण साडीच नेस म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग तुम्ही कशी कापलीत? आणि दारात आत्ती उभ्या होत्या. मी म्हटलं, "त्यात काय एवढं? सोपं असतं."

कात्री माझ्या हातात होती. तिनं साडी अंथरली, वाकून नमस्कार केला आणि बाजूला बसली.

इरकलीचा पदर वेगळा विणून साडीच्या अंगाला एकेका दोऱ्यात दोरा अडकवून जोडलेला असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या सांध्यावरून आधी मशीनची दुहेरी शिवण मारून घ्यायची असते, सांधा मध्येच तोडायचा नसतो. मी गळ्याचा आकार नेमका त्या सांध्यावर आखला, तांबडं छातीवर यावं म्हणून. आणि कापलं. शिवायला घेतलं तर दोरे सुटायला लागले. धरायला गेले तसे आणखी सुटले. संध्याकाळपर्यंत तांबडा पदर एकीकडे आणि हिरवं अंग दुसरीकडे, मध्ये नुसत्या दशा. ना साडी राहिली, ना ड्रेस झाला.

चूक कुणाच्याही हातून होते. ही माझी कबुली नव्हे. माझी कबुली पुढची आहे.

सुनंदा नुसती त्या दशा बोटांनी सारख्या करत बसली, जणू परत जुळतील. आणि मी घाबरले. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. आता ही विचारणार, तुमची कशी नाही सुटली? म्हणून तिनं तोंड उघडायच्या आत मी बोलले. म्हटलं, "कापडच कुजलं होतं गं. माझ्या आईनं जपून ठेवली होती म्हणून टिकली. तुझ्या आईनं नीट ठेवली नसणार."

गेलेल्या बाईवर ढकललं मी. आणि सुनंदानं — भांडखोर म्हणून घरभर नाव असलेल्या सुनंदानं — मान हलवली. "असंल अक्का. अव्वा रानात बी तीच नेसायची." आत्ती तिलाच म्हणाल्या, थोरलीचा हात लागूनसुद्धा तुझं काही धड होत नाही. भावाच्या लग्नात ती तीन वर्षांपूर्वीची दिवाळीची साडी नेसून गेली.

त्यानंतर मी नवं कापड आणणं बंद केलं. पश्चात्ताप म्हणू नका, भीती होती. पुढं आत्तींनीच आपणहून सुनांना ड्रेस आणून दिले, काळ बदलला, सगळ्या गल्लीनं घातले. आत्ती गेल्या. जाईपर्यंत त्यांना माझं कौतुक होतं. सुनंदा माझ्याशी आजही तशीच आहे, सणाला पहिली पोळी मला वाढते. मला वाटलं, विसरलं सगळं.

परवा तिची लेक शाळेचा गणवेश खुंटीवर नुसता टांगून पळत होती. सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "घडी घाल की गं! माझ्या अव्वागत हयगय करू नगंस. तिनं जपली न्हाय म्हणून एकुलती एक साडी हातात फाटली." पोरगी हसली. "आज्जी लई आळशी हुती काय?" आणि सुनंदाही हसून म्हणाली, "हुती की."

मी शेजारच्या खोलीत होते. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या तोंडातून निघालेलं वाक्य आता नातीपर्यंत पोचलं होतं. जी बाई रानात काम करून एकच साडी धुऊन, वाळवून, घडी घालून लेकीसाठी ठेवून गेली, ती तिच्याच घरात आळशी ठरली होती. तेही प्रेमानं, हसत हसत. त्या साडीची घडी मी स्वतः उलगडली होती. एक डाग नव्हता, एक कसर लागलेली जागा नव्हती. मला ते त्याच दिवशी दिसलं होतं.

तर, झालं सांगून. मला वाटलं होतं फार त्रास होईल. खरं सांगते, गळ्याशी घट्ट शिवलेलं काहीतरी सैल झाल्यासारखं वाटतंय. दोन्ही गोष्टी एकदम निघाल्या — माझे कपडे नवे होते, आणि तिची साडी चांगली होती. इतकी वर्षं पहिली लपवायची म्हणून दुसरी दाबून धरली. आता दाबायला काही उरलं नाही.

सुनंदा दुकानातून वर येईल थोड्या वेळानं. चहा टाकायच्या आधी सांगायचं ठरवलंय, म्हणजे कपाच्या आड तोंड लपवता येणार नाही. पोरीलाही जवळ बसवणार आहे. रागावेल, बोलेल, बोलणारही नाही, तिचं तिनं ठरवावं. मी वाक्यं मनात घोकून ठेवली आहेत. दोनच आहेत.

तुझ्या अव्वानं साडी जिवापाड जपली होती, सुनंदा. मला ती कापता येत नव्हती, आणि मी खोटं बोलले.