बंपरच्या खाचेतला डाग

गाडी घेणारे गृहस्थ मूळचे रत्नागिरीकडचे, इथे दोह्यात, नजमा भागात त्यांचं दुकान होतं. पाहायला आले तेव्हा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "वहिनी, गाडी बरी हाय. पन बंपरच्या क्रोमला गंज चढलाय." मी नाक मुरडलं. नवऱ्याच्या गाडीला कोणी नावं ठेवलेली मला पूर्वीही खपायची नाहीत, तो गेल्यावर तर अजिबात नाही. शुक्रवारी या, आरशासारखी करून ठेवते, असं मी त्यांना सुनावलं.

नवरा हिवाळ्यात हृदयविकाराने गेला. त्याच्याच व्हिसावर मी इथे राहत होते, तेव्हा अल अझीझियातलं घर आवरून परत जाणं आलंच. मदतीला नाशिकहून सासूबाई आल्या. मदत कसली, त्या दिवसभर कपाटं उघडत बसायच्या. मुलाच्या हातचं काहीतरी त्यांना हवं होतं, त्याने स्वतः केलेलं. शर्ट काय, विकत आणलेले, आणि तेही मी धुऊन ठेवलेले. एकदा म्हणाल्या, "इतकी वर्षं राहिला, भिंतीला एक खिळाही ठोकला नाही?" भाड्याच्या घरात कुठला खिळा, हे मी ओठांवर आलेलं गिळलं. एरवी मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हे.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी खाली पार्किंगमध्ये उतरलो. पॉलिशच्या डबीवर माझा विश्वास नाही. बादली, व्हिनेगर, खायचा सोडा, जुना टूथब्रश, फडकं आणि डब्यातल्या पोळ्या गुंडाळायची फॉइल, एवढं स्वयंपाकघरातून नेलं की भागतं. फॉइलचा बोळा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा, जोर लावला की चरे पडतात. गंज सुटला की खाचांमधून सोडा फिरवायचा आणि कोरडं करायचं. दोह्याच्या दमट हवेत हे वरचेवर करावं लागतं, आणि ते करायचं डोकं नवऱ्याला नव्हतं.

सासूबाई घडीच्या खुर्चीवर बसून होत्या. "दसऱ्याला फोनवर गाडीची पूजा दाखवली होती त्यानं," त्या म्हणाल्या. "इथे बॉनेटवर स्वस्तिक काढलं होतं."

"गाडी धुणाऱ्याने ते केव्हाच पुसलं, आई."

त्यांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा बसल्या.

बंपरच्या खालच्या खाचेत एक तांबूस डाग होता. मी फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून त्यावर घासलं. गंज इतक्या सहज निघत नाही, पण हा एका हातासरशी निघाला. फडकं पिवळं झालं. तरी माझी ट्यूब पेटली नाही. तेच फडकं मी बादलीतल्या सोड्याच्या पाण्यात बुडवलं आणि ते लालभडक झालं.

सोड्याने लाल होते ती हळद. स्वस्तिक काढून झाल्यावर बोटांना उरलेलं हळदकुंकू नवऱ्याने तिथे, कोणाला दिसू नये अशा जागी पुसलं असणार. हात कुठेही पुसायची त्याची खोडच होती. त्याच्या बोटांची जी एकमेव खूण या जगात उरली होती, ती मी माझ्या हाताने काढून टाकली होती. मला हुंदका आवरेना. फडकं पाठीमागे लपवायचंही सुचलं नाही.

सासूबाई उठल्या. फडक्याकडे पाहिलं, खाचेकडे पाहिलं. जन्मभर घरी हळद कांडलेली बाई ती. त्यांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, बादलीत बुडवलं, पिळलं, पुन्हा पिळलं.

"गंज होता गं तो," त्या म्हणाल्या. "रडतेस काय? बरं झालं निघाला."

मी मान हलवली.

दुपारी ते गृहस्थ आले, बंपर पाहून खूश झाले, किल्ली घेऊन गेले. गाडी वळेपर्यंत आम्ही गेटपाशी उभ्या होतो. वर आल्यावर मी वरणभात वाढला. हात धुवायला काही सासूबाई उठल्या नाहीत. त्यांच्या उजव्या हाताची बोटं अजून तांबूस होती. ती त्यांनी पदरात घेतली आणि जन्मात पहिल्यांदा, डाव्या हाताने जेवायला, माझ्याकडे चमचा मागितला.