गल्लीच्या मधून गेलेली रेघ

नव्या सीमांकनाचा नकाशा मी फरशीवर पसरला तेव्हा भर दुपार होती आणि पंख्याच्या वाऱ्याने त्याचं एक टोक सारखं उडत होतं. लिंबायतमधली आमची गल्ली त्यात नखाएवढी. तिच्या मधोमध वॉर्डाची नवी हद्द गेली होती. समोरची ओळ जुन्याच वॉर्डात राहिली, आमची गोडादऱ्याकडच्या वॉर्डात गेली. वडील वाकून बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते. मग दारात जाऊन त्यांनी गल्लीकडेही बघून घेतलं.

पक्षाच्या शहर अधिवेशनाला प्रत्येक वॉर्डाचा एक प्रतिनिधी जातो. आमच्या वॉर्डाचे वर्षानुवर्षं वडीलच. निवड समोरच्या ओट्यावर व्हायची. जमणारे सगळे गुजराती मुलखात येऊन कापडाच्या लूमच्या खात्यात जन्म काढलेले खानदेशी, खडखडाटाने वडिलांसारखेच कान गेलेले, त्यामुळे भाषणांची भानगड नव्हती. नाव ठरलं की हात वर करायचे. ज्याचं नाव, त्याने तेवढा हात खाली ठेवायचा. आपली टिमकी आपणच वाजवू नये म्हणून.

अधिवेशनात वडील बिल्ला लावून बसून येत, बोलत कधीच नसत. यंदा मात्र बोलणार होते. लूमवाल्यांचे कान दरवर्षी फुकट तपासून मिळावेत, ही मागणी पक्षाने उचलावी, एवढंच. कित्येक दिवस ते घोकत होते. पण नव्या वॉर्डाने पाठवलं तर.

नव्या वॉर्डाची सभा एका सोसायटीच्या हॉलमध्ये होती. सगळं बोलणं गुजरातीत. ओळखीचा चेहरा एकही नव्हता. मी शेजारी बसून काय चाललंय ते वडिलांच्या कानात सांगायचं, असं ठरलं होतं. थोडा वेळ सांगितलंही. पण हॉल गार होता, बोलणं संथ, खिडकीचे निळे पडदे श्वास घेतल्यासारखे फुगत होते. माझे डोळे उघडे होते, पण मी तिथे नव्हते. मला वडील माइकसमोर दिसत होते, हजार माणसं गप्प, आणि त्यांचा आवाज पाण्यावरून आल्यासारखा सावकाश येत होता. फार छान वाटत होतं.

भानावर आले तेव्हा सगळे हात वर होते. सगळी तोंडं आमच्याच दिशेला वळलेली, कारण निवडलेला माणूस आमच्या बरोबर मागे बसला होता. वडिलांचा हात मांडीवर होता, रीतीप्रमाणे खाली. मी त्यांची बाही धरायच्या आत ते उठले आणि हात जोडून पुढे निघाले.

समोर एकजण हार घेऊन उभा होता. तो वडिलांच्या खांद्यावरून मागे बघत होता. अर्ध्या वाटेत वडिलांची पावलं किंचित थबकली. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. खोटं कशाला सांगू, मला त्यांची लाज वाटली. पण ते चालत राहिले. त्यांनी त्या माणसाच्या हातातून हार घेतला, वळले, आमच्या मागच्या खुर्चीपर्यंत आले आणि तो हार त्या नव्या प्रतिनिधीच्या गळ्यात घातला. हॉलभर टाळ्या पडल्या. काकांचं मन मोठं आहे, असं कोणीतरी मला गुजरातीत सांगितलं.

परतताना रिक्षात मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच विषय काढला.

“निम्मा रस्तामां समजनं माले,” ते म्हणाले. “आते मांगे कसा फिरू?”

मग एकदम भाषण सुरू केलं. पहिल्या नमस्कारापासून. त्यांची कुजबुजसुद्धा दोन घरांपलीकडे जाते, हे तर भाषण. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यांनी माना वळवल्या. खात्यातल्या आवाजाबद्दल ते बोलले, नातवंडाचं रडणं ऐकू येत नाही त्याबद्दल बोलले, हे त्यांनी घरात आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. रिक्षावाल्याने न विचारता रिक्षा कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागणी मांडून झाल्यावर त्यांनी अध्यक्षांचे आभार मानले आणि माझ्याकडे वळून विचारलं,

“आयकू उनं ना तुले?”